प्राथमिक शाळेतील विज्ञान आणि आपले शेत

सभासद बंधू-भगिनींनो,



या पानावर आम्ही दर अंकात लागण, बेणेप्रक्रिया, खताच्या मात्रा, खोडव्याची निगा असे विषय घेत असतो. या खेपेला विषय थोडा वेगळा आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलांना विज्ञान कसे शिकवावे, हा तो विषय. आपण म्हणाल, "साहेब, हे काम गुरुजींचं. शेती खात्यानं यात कशाला पडायचं?" प्रश्न रास्त आहे. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा. या विषयाचा आपल्या एकरी टनेजशी आणि आपल्या जमिनीच्या आयुष्याशी अगदी जवळचा संबंध आहे, असे आमचे मत झाले आहे. हे मत पुस्तक वाचून झालेले नाही. एका शाळेत आमचीच फजिती झाली, तेव्हापासूनचे ते आहे.

आमची फजिती

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली याच तारखेला प्रकाशाविषयीचा आपला प्रसिद्ध शोध लावला. त्याची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस देशभर पाळला जातो. काही वर्षांमागे आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका शाळेने या दिवशी आम्हाला पाहुणे म्हणून बोलावले. गळीत हंगाम ऐन भरात होता, तोडणीचा कार्यक्रम मागे पडलेला होता, तरी वेळ काढून गेलो.

समोर तिसरी-चौथीची मुले बसलेली. आम्ही पाऊण तास भाषण ठोकले. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या सांगितली, नत्र-स्फुरद-पालाश सांगितले, पीक जमिनीतून अन्न घेते वगैरे सगळे सांगितले. शेवटी रिवाजाप्रमाणे विचारले, "कुणाला काही विचारायचंय का?" मागच्या ओळीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सायेब, आमच्या वावरात दरसाली लई ऊस निघतो. ऊस जर जमीन खाऊन वाढतो, तर वावराला खड्डा का पडत न्हाई?"

सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "हे तू पुढच्या वर्गात शिकशील. बस खाली." तो बसला.

परत येताना गाडीवर तो प्रश्न डोक्यातून जाईना. एकरी ५० टन ऊस धरला, तर दहा वर्षांत एका एकरातून ५०० टन माल गाड्या भरून बाहेर गेला. बांध जिथल्या तिथे आणि वावराची पातळीही तीच! पदविका घेऊन आणि इतकी वर्षे नोकरी करून हा प्रश्न आमच्या मनात कधी उठला नव्हता. उत्तर आम्हाला येत होते, पण व्याख्येच्या गाठोड्यात बांधून ठेवलेले. पुढच्या वर्षी आम्ही त्याच शाळेत गेलो. उत्तर तयार करून नेले होते. तो मुलगा होता, पण गप्प बसून होता. त्याने काही विचारले नाही. ही रुखरुख आमच्या मनात अजून आहे.

खड्डा का पडत नाही?

हाच प्रश्न सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी व्हान हेल्माँट नावाच्या एका गृहस्थाला पडला होता. आजच्या बेल्जियम देशातला हा माणूस. त्याने मोठ्या कुंडीत २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, वाळवलेली माती वजन करून भरली. तीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पाणी दिले. पाच वर्षांनी झाड उपटून वजन केले तर ते १६९ पौंड भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती अवघी २ औंस, म्हणजे ५०-६० ग्रॅम, कमी झाली होती. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनते. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे लिखाण छापले गेले.

त्याची रीत बरोबर होती, पण निष्कर्ष निम्माच बरोबर होता. हवेचा हिशेब त्याने धरला नव्हता. पुढच्या लोकांनी तो धरला. आता आपल्याला माहीत आहे की १०० किलो उसात सुमारे ७० किलो पाणी असते. उरलेला भाग मुख्यतः चोयट्या आणि साखर. या दोन्हींतला मुख्य घटक जो कार्बन, तो पानांनी हवेतून घेतलेला असतो. १०० किलो शुद्ध साखरेत ४२ किलो कार्बन असतो आणि तो हवेतलाच. म्हणून वावराला खड्डा पडत नाही. उसाचा बहुतेक माल हवा आणि पाणी यांतून येतो.

मग खताचे काय? जमिनीतून नत्र, स्फुरद, पालाश आणि इतर द्रव्ये येतात ती वजनाने थोडी, पण त्यांच्यावाचून चालत नाही. भाजीत मीठ असते तसे. आणि गंमत अशी की कारखाना जी साखर पोत्यात भरतो तिच्यात ही द्रव्ये जवळजवळ नसतातच. ती राहतात मळीत, प्रेसमडमध्ये आणि शेतात पडलेल्या पाचटात. पाचट जाळले की त्यातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे निघून जातो. "पाचट जाळू नका" हे आम्ही इतकी वर्षे गावोगावच्या सभांत ओरडून सांगत आलो. त्या दिवशी त्या मुलाच्या प्रश्नाचे बोट धरून चाललो असतो, तर वर्गातल्या मुलांना हे आपोआप उमगले असते आणि संध्याकाळी ते घराघरांत पोचले असते.

पाठांतर आणि विज्ञान

आपल्या शाळांतून वर्षानुवर्षे तिसरीपासून परिसर अभ्यास आणि सहावीपासून सामान्य विज्ञान असा क्रम चालत आला. परिसर अभ्यास हे नाव फार चांगले आहे. परिसर म्हणजे आपला गाव, ओढा, विहीर, गोठा, ऊस. पण प्रत्यक्षात बहुधा पुस्तक उघडले जाते आणि परिसर खिडकीबाहेर राहतो. यात सगळा दोष गुरुजींचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. एकेका शाळेत दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग, त्यात कागदपत्रांची भर. साधनांच्या नावाने एखादे कुलूपबंद कपाट.

पण या वयात विज्ञानाला मोठी साधने लागत नाहीत. चार सवयी लागतात : नीट बघणे, अंदाज बांधणे, करून पाहणे आणि दिसले तसे लिहून ठेवणे. पहिली-दुसरीच्या मुलांनी गोळा करावे आणि वर्गवारी लावावी. दहा प्रकारची पाने आणावीत आणि कुठली एकसारखी, कुठली वेगळी ते सांगावे. तिसरी-चौथीच्या मुलांनी मोजावे, तोलावे आणि तारीख घालून लिहावे. पाचवीतल्या मुलाला दोन कुंड्यांत फरक ठेवून तुलना करता येते. याहून जास्त घाई करू नये.

दुसरी गोष्ट भाषेची. आपली मुले शाळेत रिकाम्या हातांनी येत नाहीत. वाफसा, निचरा, पेरे, डोळा, कोंब, पोंगा, तुरा हे शब्द त्यांना घरूनच येतात. यातला एकेक शब्द म्हणजे एकेक धडा आहे. आधी वस्तू दाखवावी, मुलाने तिला त्याच्या शब्दात ओळखावे, मग पुस्तकातले नाव द्यावे. "बाष्पोच्छ्वास" हा शब्द आधी आला तर मूल दचकते. पानाला बांधलेल्या पिशवीत पाण्याचे थेंब आधी दिसले, तर तोच शब्द त्याच्या ध्यानात राहतो.

हे आम्ही नव्याने शोधून काढलेले नाही. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले आणि त्याने सुरुवातीच्या काळातच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागात ग्रामीण प्राथमिक शाळांबरोबर काम केले. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली खेड्यातल्या शाळांमधून सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. तो २००२ पर्यंत चालला. त्याच वाटेने गेलेले श्री. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवली. पुढे पुण्याच्या आयुकात बसून त्यांनी ती देशभरच्या मुलांपर्यंत पोचवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या साऱ्यांचे सांगणे एकच : मुलाच्या हाताला काम द्या आणि त्याच्या प्रश्नाला मान द्या.

कुंडीची गोष्ट

पहिल्या फजितीनंतर आम्ही भाषण बंद केले. दुसऱ्या एका गावच्या बाईंनी विचारले, "साहेब, मुलांना करता येईल असा एखादा प्रयोग सांगा." आम्ही कुंडीचा सांगितला.

तळाला भोक असलेल्या प्लॅस्टिकच्या दोन सारख्या कुंड्या घेतल्या. दोन्हींत एकाच वावरातली काळी माती भरली. एक कुंडी साध्या पाण्याच्या ताटलीत ठेवली आणि दुसरी मिठाच्या पाण्याच्या ताटलीत. एक लिटर पाण्याला दोन चमचे मीठ. कुंड्या उन्हात ठेवल्या. वरून एक थेंबही पाणी द्यायचे नाही. ताटलीतले कमी झाले की ताटलीतच भरायचे. बाईंनी आधी मुलांचे अंदाज फळ्यावर लिहून घेतले. बहुतेक म्हणाले, "मीठ जड असतंय, खालीच ऱ्हाणार." तिघे-चौघे म्हणाले, "वर येणार."

बाराव्या दिवशी मिठाच्या कुंडीत मातीवर पांढरी साय आली. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्ये तर आमच्या खालच्या पट्टीवानी दिसतंय." संध्याकाळी ती वडिलांना हात धरून शाळेत घेऊन आली. ते आपले सभासद. त्यांची ओढ्याकडेची दीड एकराची पट्टी खारवट झालेली आहे. तिथे पूर्वी चांगला ऊस यायचा, आता उगवणच धड होत नाही. जास्त पाणी देऊ नका, निचरा करा, हे आम्ही त्यांना तीन सभांमध्ये सांगितले होते. ते "व्हय साहेब" म्हणायचे आणि रात्री वीज आली की पाटाला पाणी सोडून झोपायचे.

त्यांनी कुंडी पाहिली. मुलीला विचारले, "वरनं पाणी दिलंच न्हाई?" ती म्हणाली, "न्हाई आबा. खालनंच. पाणी वर चढलं, उडून गेलं आन् मीठ तितंच ऱ्हायलं." ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मुलीने सांगितले तेच जमिनीत घडते. मातीच्या कणांमधून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, पाणी वर चढते. जादा पाणी देऊन देऊन भूजलाची पातळी वर आली की हे चढणारे पाणी थेट पृष्ठभागाला पोचते. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार उडत नाहीत. वर्षानुवर्षे असे चालले की जमीन पांढरी पडते. कृष्णा, वारणा, पंचगंगा, नीरा, प्रवरा या नद्यांच्या बागायती पट्ट्यांत अशा जमिनी किती झाल्या, ते आपण डोळ्यांनी पाहतोच आहोत.

बाईंनी प्रयोग इथेच थांबवला नाही. मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या आणखी दोन कुंड्या त्यांनी तयार केल्या. एकीचे भोक उघडे ठेवले, दुसरीचे मेणाने बुजवले. मग दोन्हींवर वरून स्वच्छ पाणी ओतले. उघड्या भोकाच्या कुंडीतून पाणी झिरपून गेले आणि आठवड्याने मातीवर पांढरे फारसे दिसले नाही. बुजवलेल्या कुंडीत ऊन पडताच पांढरी साय परत आली. निचरा म्हणजे काय आणि नुसते पाणी ओतून क्षार का जात नाहीत, हे याहून सोप्या रीतीने आम्हाला कधी सांगता आले नव्हते.

ते सभासद पुढच्या आठवड्यात मातीचा नमुना घेऊन गट ऑफिसला आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांची पट्टी लगेच सुधारली असे मात्र समजू नका. चर काढायला पैसा लागतो आणि खालच्या शेजाऱ्याने चराला वाट द्यावी लागते. ते बोलणे अजून अडलेलेच आहे. पण रात्रीचे पाणी सोडून झोपणे त्यांनी बंद केले. आमच्या तीन सभांनी जे झाले नाही, ते एका कुंडीने केले.

करून पाहण्यासारखे काही प्रयोग

१) डोळ्याची परीक्षा. नऊ-दहा महिन्यांच्या एकाच उसाच्या शेंड्याकडच्या, मधल्या आणि बुडख्याकडच्या एक डोळ्याच्या दहा-दहा कांड्या घ्या. तीन ट्रेमध्ये सारखीच माती, सारखेच पाणी. कुठल्या आधी उगवतील याचा मुलांनी आधी अंदाज लिहावा, मग रोज कोंब मोजावेत. सहसा शेंड्याकडचे डोळे लवकर आणि जास्त उगवतात, बुडख्याकडचे मागे राहतात. मुलांनी "का?" म्हणून विचारले तर त्यांना चव घ्यायला लावा : बुडखा गोड, शेंडा फिका. बुडख्यात साठवलेली साखर जास्त असली तरी तिथला डोळा जुना झालेला असतो. शेंड्याकडे पाणी आणि कोंबाला लगेच वापरता येईल अशी साधी साखर जास्त असते.

२) गोडी मोजणे. शेती खात्याकडे ब्रिक्स पाहायचे हात-रिफ्रॅक्टोमीटर असते. वरचा, मधला आणि खालचा रस थेंब-थेंब घालून मुलांना त्यातून बघू द्या. जिभेने सांगितले तेच काचेने सांगितले, हा आनंद मोठा असतो. शेंडा खालपर्यंत तोडा असे आम्ही का म्हणतो, तेही कळते.

३) पानाचा घाम. उसाच्या किंवा कुठल्याही झाडाच्या हिरव्या पानाला उन्हात पारदर्शक पिशवी बांधा, दुसरी तशीच पिशवी वाळक्या काठीला बांधा. तासाभराने दोन्ही बघा. पाणी मुळातून पानापर्यंत येते आणि बाहेर पडते, हे दिसते.

४) पावसाची वही. तळ आणि तोंड सारख्या रुंदीचा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी आठ वाजता फूटपट्टीने पाणी मोजा, लिहा आणि ओतून टाका. आता हिशेब घाला. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १०१ लिटर पाणी. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १ लाख लिटर. मुलाने हा आकडा संध्याकाळी घरी सांगितला, तर मोटर सुरू करायला निघालेला बाप एकदा थबकेल की नाही?

५) किडीचे आयुष्य. पोंगा वाळलेला कोंब काढून त्यातली खोडकिडीची अळी बरणीत, तोंडाला मलमलीचे फडके बांधून, ताज्या कोंबाच्या तुकड्यांवर ठेवा. अळी, कोष, पतंग हे मुलांना दिसेल. २००२ साली आपल्या भागात लोकरी मावा आला, तेव्हा त्याला खाणारे डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक आपल्यापैकी अनेकांनी प्रथमच पाहिले. ज्या मुलाने भिंगातून शत्रू आणि मित्र वेगळे ओळखले, तो मोठेपणी दिसेल त्या किड्यावर पंप घेऊन धावणार नाही.

या साऱ्यात एक नियम पाळायचा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीचे सारखे ठेवायचे. माती बदलली, पाणी बदलले आणि बेणेही बदलले, तर फरक कशाने पडला ते कळत नाही. पाचवीच्या मुलाला हे समजते. आपल्याला समजते का? दरवर्षी गावात नवीन बाटली येते. "अमक्यानं मारली, त्याचा ऊस बघा" एवढ्यावर आपण हजारो रुपये मोजतो. अमक्याचे बेणे नवीन होते, जमीन चढाची होती, पाऊसही वेळेवर झाला, हे कुणी धरत नाही. बाटली घ्यायचीच असेल, तर निदान दोन सऱ्या तशाच सोडा, तोडणीला दोन्हींचे वजन वेगळे करा आणि मग पुढच्या वर्षीचे ठरवा. प्राथमिक शाळेतले विज्ञान ते हेच.

काय करावे, काय टाळावे

मुलाने विचारले तर "गप बस" म्हणू नका. येत नसेल तर "मला ठाऊक नाही, चल बघू" म्हणा. त्यात कमीपणा नाही. आमचा कमीपणा "बस खाली" म्हणण्यात होता.

अंदाज चुकला म्हणून मुलाला हसू नका. मीठ खालीच राहील म्हणणारी मुलेच बाराव्या दिवशी सर्वांत जास्त शिकली. दिसले ते लिहू द्या, पुस्तकात आहे म्हणून आकडा फिरवू देऊ नका.

मुलाला बांधावर दोन सऱ्या किंवा निदान चार कुंड्या स्वतःच्या म्हणून द्या. त्यात आपण हात घालू नका.

शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे ती आपलीच समिती आहे. बैठकीत रंगरंगोटी आणि कुंपणाबरोबर एक प्रश्न विचारा : या महिन्यात मुलांनी हाताने काय करून पाहिले?

आणि एक कडक सूचना. कीटकनाशकाचे, तणनाशकाचे रिकामे डबे-बाटल्या धुऊनसुद्धा प्रयोगाला वापरू नयेत. चुनकळीत पाणी घालण्याचा खेळ मुलांना करू देऊ नये, डोळा जातो. कोयता मोठ्या माणसानेच चालवावा. प्रयोगातली कुठलीही वस्तू चाखायची नाही. ऊस चाखायचा तो धुतलेला आणि फवारणी न झालेला.

टोळीच्या मुलांविषयी

हंगामात आपल्या शिवारात ऊसतोडणी कामगारांच्या खोपी पडतात. त्यांची मुलेही याच वयाची. बैलाला किती ओझे झेपते, मोळी कशी बांधली की सुटत नाही, पहाटे दव पडल्यावर पाते कसे कापते, हे त्यांना आपल्या मुलांपेक्षा जास्त ठाऊक असते. विज्ञान म्हणजे बघणे असेल, तर या मुलांनी पुष्कळ बघितलेले आहे. त्यांना फक्त कुणी विचारलेले नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून त्यांचा प्रवेश अडवता येत नाही. आपल्या फडावर टोळी असेल तर मुकादमाशी बोला आणि मुले जवळच्या शाळेत जातील असे बघा. आपला ऊस वेळेवर तुटावा असे आपल्याला वाटते, मग तो तोडणाऱ्याचे मूल वर्गात बसावे हेही आपणच पाहायला हवे.

शेवटी

ऊस उत्पादकाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. पिकाचे भवितव्य उगवणीत ठरते. त्या वेळी पडलेली नांगी नंतर भरली तरी ते रोप मागेच राहते आणि पुढे कितीही खत टाकले तरी तूट भरून येत नाही. प्राथमिक शाळा ही मुलांची उगवण आहे. या वयात प्रश्न विचारण्याची सवय मोडली, तर पुढे कॉलेजात कितीही घातले तरी ती नांगी तशीच राहते. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून आपल्या राज्यघटनेत लिहिलेले आहे. त्याची सुरुवात आपल्या ओसरीवर करता येते, एका कुंडीने.

येत्या विज्ञान दिनाला ज्या शाळांना उसाच्या कांड्या, भिंग किंवा रिफ्रॅक्टोमीटर हवा असेल, त्यांनी आपल्या गट ऑफिसात आठ दिवस आधी निरोप द्यावा. आमचे कर्मचारी साहित्य घेऊन येतील. आम्हीही येऊ, पण भाषण करणार नाही. मुलांचे प्रश्न ऐकू आणि लिहून घेऊ. ज्यांची उत्तरे आम्हाला येणार नाहीत, ते प्रश्न पुढच्या अंकात याच पानावर छापू.

आणि आपल्यापैकी कुणाच्या घरात "वावराला खड्डा का पडत नाही" असे विचारणारा मुलगा असेल, तर त्याला आमचा निरोप सांगा. उशीर झाला खरा, पण उत्तर वर दिले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी